‘तेच ते’ म्हणणारे आणि पहाटेपर्यंत जागणारे

एका वाचकाच्या पत्राला हे उत्तर. त्यातला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गुन्हेगारी थरारमालिकेचे २० भाग तुम्ही वाचलेत आणि आता २१ वा आलाय. घ्यावा की नाही म्हणून इतरांची मतं चाळलीत, तर निम्मे म्हणतात ‘तेच ते, लेखकानं आता पुरे करावं’ आणि निम्मे म्हणतात ‘हातात घेतलं ते संपवूनच ठेवलं’. काही महाभागांनी तर दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहिल्यात. यात खरं कोणाचं धरायचं? आणि पुस्तक फॉर्म्युल्यावर बेतलेलं असलं की ते आपोआप वाईट ठरतं का?

मी गेली २२ वर्षं रहस्यकथा आणि थरारकादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादते आहे. त्यातली बरीचशी मालिकांमधली; म्हणजे पाचवा भाग, अकरावा भाग, असली. वाचकांची मतं वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. पुढच्या भागाच्या पहिल्या बैठकीत लेखक हमखास विचारतो, ‘काय म्हणतायत लोक?’ आणि ‘सरासरी चार तारे’ असं उत्तर दिलं तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

आधी त्या दोन्ही म्हणणाऱ्या महाभागांबद्दल. माझ्या अनुभवात सगळ्यांत प्रामाणिक तेच असतात. ‘सगळं माहीत होतं तरी रात्री दोनपर्यंत जागलो, आणि सकाळी स्वतःचाच राग आला’ असं लिहिणारा वाचक त्या पुस्तकाचं अचूक वर्णन करत असतो. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यानं १९४८ मधल्या एका निबंधात स्वतःच्या रहस्यकथा-वाचनाला तंबाखू-दारूसारखं व्यसन म्हटलं होतं. एकदा हातात घेतली की संपेपर्यंत काम होत नाही, गोष्ट ठरावीक साच्यातलीच लागते, आणि संपली की लगेच विसरायलाही होते, असा त्याचा कबुलीजबाब. साचा त्याला खटकत नव्हता, उलट साच्याबाहेरची गोष्ट असेल तर ती त्याला वाचवत नसे.

म्हणून ‘फॉर्म्युला आहे’ हा आरोप मी आरोप म्हणून धरतच नाही. मालिकेचा एकविसावा भाग घेणारा माणूस फॉर्म्युल्याचेच पैसे मोजत असतो. त्याला तोच चिडका इन्स्पेक्टर हवा असतो, तीच त्याची खटारा गाडी, आणि दर भागात एकदा होणारं वरिष्ठांशी तेच भांडण. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या सिमेनाँच्या, मेग्रे या पोलिस अधिकाऱ्याच्या कादंबऱ्या ७५ आहेत, १९३१ ते १९७२ या काळातल्या. त्यांचा सांगाडा सहसा फारसा हलत नाही. मेग्रे कुठेतरी जातो, पाइप ओढत बसतो, तिथली हवा अंगात मुरू देतो, माणसांना बोलू देतो आणि शेवटी कोणीतरी कोसळतं. पंच्याहत्तर वेळा! आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक काळा पहाड या वेळी तरी हरेल, अशा आशेनं त्या कोणी उघडत नव्हतं. इटालियन लेखक उंबेर्तो इको यानं जेम्स बाँडच्या कादंबऱ्यांची चिरफाड करताना म्हटलं होतं की हा ठरलेल्या चालींचा खेळ आहे. चाली आणि निकाल वाचकाला ठाऊक असतात, तो नजर ठेवून असतो ती चालींच्या क्रमातल्या बारीक फरकांवर. मालिका वाचणाऱ्याला हे कोणी समजावून द्यावं लागत नाही.

मग ‘तेच ते’ म्हणणारा खोटं बोलतोय का? नाही. त्याला काहीतरी टोचलंय, पण नेमकं काय ते त्याला सांगता येत नाही, म्हणून तो हाताशी असलेला शब्द वापरतो. मी लेखकांना सांगते, साचा आणि साचणं हे दोन वेगळे शब्द आहेत. साचा असला म्हणजे पाणी साचतंच असं नाही. पाणी कुठे साचलंय ते मात्र शोधावं लागतं.

एक उदाहरण जवळून दाखवते, कारण ही गोष्ट हवेत बोलून कळत नाही.

एका मालिकेच्या सातव्या भागाचा मसुदा माझ्याकडे आला. अडीचशेच्या आसपासच्या पानावर नायक रात्री बंद पडलेल्या कारखान्यात एकटाच शिरतो. हा प्रसंग तुम्ही शंभरदा वाचलेला आहे: टॉर्च, गंजलेला जिना, वर कुठेतरी काहीतरी पडल्याचा आवाज. मसुद्यात वाक्य होतं, ‘त्यानं सहकाऱ्याला फोन करण्याचा विचार केला, पण वेळ नव्हता.’ मी ‘पण वेळ नव्हता’भोवती पेन्सिलीनं गोल केला आणि समासात लिहिलं, ‘का नव्हता?’ लेखकाचा फोन आला. ‘अहो, तो एकटाच जायला हवा ना! दोघं गेले तर मारामारी कशी होणार?’

हे उत्तर लेखकाच्या गरजेचं होतं. नायकाच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललंय, याचा त्यात पत्ताच नव्हता. वाचकाला टोचतं ते नेमकं इथे, आणि ते शेकडो पानांच्या पुस्तकात तीन शब्दांत होतं. वाचक काही थांबून विश्लेषण करत नाही. त्याला फक्त जाणवतं की आता हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाहीये, याला कोणीतरी ढकलतंय. मग घरी जाऊन तो लिहितो: ‘टिपिकल’.

‘फोनची बॅटरी संपली’ हा उपाय नव्हे, हे सांगायला नको (अजूनही मसुद्यांतून नायकांच्या बॅटऱ्या नेमक्या अडीचशेव्या पानावर संपतात, चार्जर कोणाकडेच नसतो). आम्ही ८० पानं मागे गेलो. तिथे नायकानं नुसत्या संशयावरून कुमक मागवलेली होती, घर रिकामं निघालं होतं, आणि तो प्रसंग तिथेच संपत होता. आम्ही त्याला शेपूट जोडलं. त्या रिकाम्या घराच्या दारात त्याच्या तरुण सहकाऱ्याच्या हातून एक शेजारी जखमी होतो आणि सहकाऱ्यावर चौकशी बसते. आता कारखान्याबाहेर उभं राहून नायक फोन काढतो, नाव शोधतो, बोट स्क्रीनवर टेकवायच्या बेतात असतं, आणि तो फोन खिशात ठेवतो. ‘वेळ नव्हता’ काढून टाकलं. कारण सांगणारं एकही वाक्य नव्यानं घातलं नाही. कारखाना तोच, टॉर्च तोच, जिना तोच. पुस्तक आल्यावर मी मुद्दाम मतं शोधली. त्या प्रकरणाला ‘तेच ते’ म्हटलेलं मला कुठे दिसलं नाही.

त्याच पुस्तकात दुसऱ्या एका प्रकरणाला मात्र लोकांनी झोडपलं. नायकाच्या मुलीचं अपहरण होतं, आणि मालिकेत ते दुसऱ्यांदा होत होतं. लेखकाचं म्हणणं पडलं की चौथ्या भागातलं अपहरण वेगळं होतं, तिथे मुलगी लहान होती. मला ते पटलं आणि मी जाऊ दिलं. ती माझी चूक. मालिकेचा वाचक असल्या प्रसंगात हिशेब करतो: मागच्या वेळी मुलगी सुटली म्हणजे याही वेळी सुटणार. पहिल्या खेपेला त्याला मुलीची काळजी वाटते, दुसऱ्या खेपेला किती पानांत सुटते याची. नायकाच्या घरच्यांवर संकट आणणं हे मालिकेतलं मुदत ठेव मोडण्यासारखं आहे. एकदाच मोडता येते. आणि लेखकांना ती दर दोन भागांनी मोडायची असते.

आता सगळ्यांत जास्त वेळा येणाऱ्या तक्रारीकडे वळते: ‘खुनी कोण ते मला साठाव्या पानावरच कळलं.’

हे वाचून लेखक कासावीस होतात आणि पुढच्या भागात धागेदोरे आणखी खोल पुरतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण वाचकानं खुनी धागेदोऱ्यांवरून ओळखलेलाच नसतो. तो ओळखतो पात्रयादीवरून. हिशेब करून बघा. पुस्तकात नावानिशी १४ माणसं आहेत असं धरू. त्यातली सहा कायमची: नायक, मदतनीस, साहेब, घटस्फोटित बायको, शवविच्छेदन करणारी डॉक्टर आणि ओळखीचा पत्रकार. ही मालिकेची माणसं. ती खून करणार नाहीत आणि सहसा मरणारही नाहीत. उरले आठ. तिघं मरतात. पाच. एक जण पहिल्या भेटीतच इतका उर्मट वागतो की तो खुनी असूच शकत नाही. एकाला पुस्तकाच्या मध्यावर अटक होते, म्हणजे तोही नाही. एक साक्षीदार आहे, तिला शेवटी वाचवायचं आहे. उरले दोन. त्यातला एक सभ्य गृहस्थ तीन वेळा येतो, नायकाला एखादी फाइल देतो, हवापाण्याचं बोलतो आणि जातो. वाचकाच्या मनात एकच प्रश्न येतो: हा इथे कशाला आहे? झालं. या प्रश्नातच उत्तर आहे. आतापर्यंत त्यानं एकही पुरावा तपासलेला नसतो.

मालिका जितकी लांबते तितकं हे सोपं होत जातं, कारण कायमची माणसं वाढतात आणि संशयितांची जागा आकसते. पहिल्या भागात चौदांपैकी बारा जण खुनी असू शकत होते, एकविसाव्यात दोन. लेखकाची बुद्धी घटलेली नसते, बाकं भरलेली असतात. काही लेखक यावर उपाय म्हणून एखाद्या कायमच्या माणसालाच खुनी ठरवतात. एकदा ते जबरदस्त चालतं. मग पुढच्या प्रत्येक भागात वाचक सगळ्यांकडे संशयानं बघतो, आणि जी उबदार मंडळी बघायला तो येत होता ती थंड पडतात. या उपायानं एक मालिका माझ्या डोळ्यांसमोर दोन भागांत आटोपली.

मला आवडणारा उपाय साधा आहे: त्या सभ्य गृहस्थाला काम द्या. तपासात नको, कथेत. तो हसवू दे, नायकाचा गळका नळ दुरुस्त करून देऊ दे, मदतनिसाशी त्याचं जुळू दे. ‘हा इथे कशाला आहे’ या प्रश्नाला आधीच एक खरं उत्तर मिळालं की वाचक दुसरं शोधत नाही. १९२८-२९ मध्ये रहस्यकथेचे नियम लिहायची टूम निघाली होती. अमेरिकी रहस्यकथाकार व्हॅन डाइननं २० नियम लिहिले, इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं दहा: गुप्त दरवाजा एकाहून जास्त नको, वाचकाची आधी तयारी केल्याशिवाय जुळे भाऊ आणू नका, वगैरे. नॉक्सनं ते बरंचसं गमतीनं लिहिलं होतं. पात्रयादीच्या या हिशेबाबद्दल एखादा नियम त्यांत असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

छोट्या प्रकरणांबद्दल फार लिहीत नाही. तीन-तीन पानांची प्रकरणं आणि प्रत्येकाच्या शेवटी धक्का, हे आता सगळेच करतात आणि त्याची सवय होते. लोक चिडतात ते खोट्या धक्क्यावर. ‘दार उघडलं आणि समोर जे दिसलं ते पाहून ती गोठली.’ पान उलटलं की समोर मांजर. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी खरंच प्रेत असलं तरी वाचक मांजरच धरून चालतो. खुन्याच्या मनातली ती तिरक्या अक्षरांतली प्रकरणं तर मी आता नुसती मोजते. तीनपेक्षा जास्त झाली तर लेखकाला विचारते, या माणसाकडे सांगण्यासारखं खरंच इतकं आहे का? बहुतेक वेळा नसतं.

मालिकेत एक गोष्ट असते जी एकट्या पुस्तकात नसते: काळ. आणि मतमतांतरं सगळ्यांत जास्त तिथेच उफाळतात. ‘नायक बदलतच नाही’ आणि ‘नायक पूर्वीसारखा राहिला नाही’ या दोन तक्रारी एकाच पुस्तकाबद्दल, एकाच आठवड्यात येतात. अगाथा ख्रिस्तीनं १९२० मध्ये आपल्या पॉइरो या डिटेक्टिव्हला आणलं तेव्हाच तो निवृत्त पोलिस अधिकारी होता. त्याचा शेवटचा खटला छापून आला १९७५ मध्ये. वयाचा हिशेब केला तर तो शंभरी कधीच ओलांडून गेला होता, आणि त्याला सुरुवातीलाच म्हातारा केला ही आपली चूक झाली, हे ख्रिस्तीनं आत्मचरित्रात मान्यही केलं. वाचकांनी मात्र तो हिशेब कधी मागितला नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर पॉइरोचा मृत्युलेख छापला, खऱ्या माणसाचा छापावा तसा. उलट टोकाला स्कॉटिश लेखक इयान रँकिनचा पोलिस अधिकारी रीबस. तो खऱ्या कॅलेंडरप्रमाणे वयानं वाढत गेला, आणि साठीला पोलिसांत निवृत्ती असल्यामुळे २००७ च्या कादंबरीत लेखकाला त्याला घरी बसवावंच लागलं. पाच वर्षांनी तो परत आला, तो जुन्या प्रकरणांच्या विभागात बिनपदाचा. अमेरिकी लेखिका स्यू ग्राफ्टननं तिसरी वाट काढली. १९८२ ते २०१७ या ३५ वर्षांत तिनं इंग्रजी वर्णमालेतल्या एकेका अक्षराची २५ पुस्तकं लिहिली, पण तिची नायिका मात्र १९८२ पासून १९८९ पर्यंतच पोचली. बाहेर मोबाइल आले, इंटरनेट आलं. ती मात्र सार्वजनिक फोनमध्ये नाणी टाकत राहिली. शेवटचं अक्षर लिहायच्या आधी ग्राफ्टन गेली आणि कुटुंबानं दुसऱ्या कोणाकडून ते लिहून घ्यायला नकार दिला.

तिन्ही वाटा चालतात. चालत नाही ते मधेच वाट बदलणं. तुमच्या मालिकेबद्दलच्या मतांत कोणी ‘मदतनिसाची मुलगी गेल्या भागात शाळेत होती, आता वकिली करतेय’ असं काही लिहिलं असेल, तर ते खुसपट समजू नका. काळाचा धागा सुटला आहे आणि हस्तलिखित कोणीतरी घाईत पुढे सरकवलं आहे, याची ती खूण. (आमच्याकडे प्रत्येक मालिकेची एक वही असते: कोणाचा डोळा कोणत्या रंगाचा, कोणाचा कोणता गुडघा दुखतो. एका नायकाचा लंगडा पाय मी दोन भागांत डावीकडून उजवीकडे जाऊ दिला होता. त्याबद्दल आलेली पत्रं मी अजून जपून ठेवली आहेत.)

लेखक कंटाळतो का? कंटाळतो. डॉइलनं १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकललं. मग १९०१ मध्ये त्याला पुन्हा आणलं तेही जुनी, मृत्यूच्या आधीची हकीकत म्हणून. आणि १९०३ मध्ये शेवटी सरळ जिवंत केलं. ख्रिस्तीनं स्वतःचा वैताग एका पात्रावर सोपवला: रहस्यकथा लिहिणारी एक बाई, जी आपल्या फिनिश डिटेक्टिव्हला अक्षरशः विटलेली आहे. व्हॅन डाइन म्हणाला होता की कोणत्याही लेखकाकडे सहापेक्षा जास्त चांगल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या नसतात. स्वतः त्यानं बारा लिहिल्या. स्वीडनमधल्या शोवाल आणि वालो या जोडप्यानं सुरुवातीलाच ठरवलं होतं की दहाच पुस्तकं, आणि ती मिळून एक मोठी कादंबरी. १९६५ ते १९७५, वर्षाला साधारण एक. दहा झाली आणि मालिका संपली. असं थांबता येणं ही चैन आहे. बहुतेक लेखकांच्या करारात दरवर्षी एक पुस्तक असतं. ते ठरलेल्या महिन्यात दुकानात दिसलं पाहिजे, आणि लेखक आजारी पडला, घटस्फोट झाला, डोकं रिकामं झालं, तरी तो महिना हलत नाही.

घाईत लिहिलेलं पुस्तक कसं ओळखायचं ते सांगते, कारण मतं वाचताना त्याचा उपयोग होतो. सुरुवात कधीच पातळ होत नाही. ती लेखकानं करार करतानाच डोक्यात घोळवलेली असते. शेवटही सहसा ठीक असतो. पातळ होतो तो मध्य. माणसं एकमेकांना आधीच घडलेलं सांगत बसतात, नायक गाडीतून इकडून तिकडे जातो, एकच संशयित दोनदा जबाब देतो. ‘मधे थोडं रेंगाळतं’ असं दहा जणांनी लिहिलेलं असेल तर तुम्ही समजून जा. ‘शेवट गुंडाळला’ असं असेल तर तो बऱ्याचदा वेगळा आजार असतो: लेखकाला खुनी कोण ते ठाऊक होतं, पण त्याचं कारण शोधायचं राहून गेलं.

आणि ‘हे त्यानं स्वतः लिहिलेलंच नाही’ ही कुजबुज? कधी ती उघडच असते: थरारकादंबरीकार ली चाइल्डच्या मालिकेत २०२० पासून भावाचंही नाव लेखक म्हणून येतं. पण तसं काही जाहीर नसतानाही लोक ती शंका घेतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती चुकीची निघते. लेखक तोच असतो. तो स्वतःची नक्कल करू लागलेला असतो, आणि नक्कल दुसऱ्यानं केल्यासारखीच दिसते.

आता तुमच्या कामाचं. तारे बघू नका. पुस्तक आल्या आल्या पहिल्या आठवड्यात आलेली मतं बाजूला ठेवा. ती लिहिणारे पुस्तक येण्याआधीच पुस्तकावर खूश असतात. एक तारा देणाऱ्यांतले बरेच जण पोचायला उशीर झाला म्हणून किंवा अक्षर बारीक आहे म्हणून चिडलेले असतात. वाचण्यासारखे असतात ते तीन तारे. तीन तारे देणारा माणूस भांडायला आलेला नसतो आणि आरती ओवाळायलाही नाही. आपल्याला नेमकं काय झालं हे त्याला स्वतःलाच शोधायचं असतं.

त्या मतात एखादी वस्तू, जागा किंवा माणूस नावानिशी आलंय का ते बघा. ‘पकड घेणारं’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘रटाळ’ ही विशेषणं कुठल्याही पुस्तकाला लागतात. पण ‘तळघरात ती त्याचं घड्याळ ओळखते ना, तिथे मी पुस्तक खाली ठेवून पाणी प्यायलो’ असं कोणी लिहिलं, तर त्या पुस्तकात निदान एक जागा जिवंत आहे. उलट बाजूनंही तसंच. ‘साहेब त्याला पुन्हा केसवरून काढतो’ यातल्या ‘पुन्हा’वर थांबा. लिहिणारा मालिकेचा जुना वाचक आहे, त्याला हा प्रसंग हवाच आहे, फक्त या वेळी त्याचं कारण त्याला सापडलेलं नाही. आणि शक्य असेल तर बघा की तो मालिकेत कुठून शिरला. एकविसाव्या भागापासून सुरुवात करणाऱ्याला पत्नीच्या मृत्यूची ती दोन पानांची उजळणी हृदयद्रावक वाटते. तुम्ही ती वीस वेळा वाचलेली आहे.

तुम्ही नमूद केलेल्या मतांपैकी एक मला महत्त्वाचं वाटलं: ‘या वेळी मदतनीसच जास्त आवडली, नायक नुसता वावरतो.’ पाच-सहा जणांनी तेच वेगवेगळ्या शब्दांत म्हटलंय असं तुम्ही लिहिता. मी ही मालिका संपादित करत नाही, त्यामुळे आतली खबर माझ्याकडे नाही. पण असं मी दोनदा जवळून पाहिलंय. लेखकाचं मन नायकावरून उडालेलं असतं आणि त्याला स्वतःला अजून ते कळलेलं नसतं. त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं, म्हणून त्या मदतनिसाची वाक्यं चांगली होत जातात, तिला विनोद सुचतात, तिच्या घरात खऱ्या वस्तू दिसू लागतात. नायकाचे प्रसंग मात्र साच्यातून काढून ठेवल्यासारखे. त्यातल्या एका मालिकेत पुढच्या दोन भागांत ती मदतनीस मुख्य पात्र झाली आणि मालिकेनं नवा श्वास घेतला. दुसरीत प्रकाशकानं मुखपृष्ठावरचं नायकाचं नाव हलवायला नकार दिला. ती अजून चालू आहे, आणि मी आता ती वाचत नाही.

तेव्हा एकविसावा भाग विकत घेण्याची घाई करू नका, वाचनालयातून किंवा कोणाकडून तरी मागून आणा. पहिलं प्रकरण वाचून ठरवू नका, ते चांगलंच असणार. मधलं उघडा. मदतनीस एकटी आहे असं एखादं प्रकरण शोधा आणि ते वाचा. मग नायक एकटाच कुठेतरी शिरतो ते प्रकरण शोधा. ते सापडेलच. त्यानं फोन का केला नाही, तेवढं बघा.